मे महिन्यात जगेल तेच परसात लावा



जूनच्या बैठकीत बियाण्यांची पाकिटं वाटली जातात. पालक, मेथी, कोथिंबीर, मुळा, वांगी, टोमॅटो. गोल वाफे होतात, फोटो निघतात आणि गणपतीपर्यंत परसबाग अशी दिसते की येणारी-जाणारी बाई थांबून बघते. संक्रांतीपर्यंतही बरं चालतं. मग होळी येते. विहीर तळाला जाते, नळाला आधी दिवसाआड आणि मग चार दिवसांआड पाणी येतं. अशा वेळी सगळ्यात आधी पाणी कुणाचं तुटतं? परसबागेचं. मे महिन्यात तिथं काठ्या आणि सुतळी तेवढी उरते.

दरवर्षी असं झालं की आपण स्वतःलाच बोल लावतो. "माझ्या हाताला गुणच नाही बाई," असं बैठकीत किती जणींच्या तोंडून ऐकलंय. हाताला काही झालेलं नाही. आपण निवडलेली झाडंच पावसाळ्याची होती. ती पावसाळ्यापुरती जगली आणि गेली.

तळेगाव ढमढेऱ्यापासून पूर्वेला न्हावरे, खाली दौंड, वर पाबळ, केंदूर, कान्हूर मेसाई, हा सगळा आपला भाग कमी पावसाचा. सह्याद्रीवर धो धो कोसळून ढग इकडं येतात ते रिकामे होऊनच. वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही एखाद्या आठवड्यात बदाबदा आणि मग महिनाभर कोरडं. चासकमानचं आवर्तन सुटलं तर विहिरीला पाझर, दौंडकडं खडकवासल्याचा कालवा वाहिला तर तिकडच्या विहिरींना. कालव्याखाली ऊस उभा असतो म्हणून रस्त्यावरून जाणाऱ्याला हा भाग हिरवा दिसतो. पण माळावरच्या घराच्या परसात मे महिन्यात जाऊन बघावं. ऑक्टोबर 2023 अखेर सरकारनं राज्यातल्या 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात पुणे जिल्ह्यातले पाच होते: शिरूर, दौंड, बारामती, इंदापूर, पुरंदर. म्हणजे दुष्काळ हा आपल्याकडं अधूनमधून येणारा पाहुणा नाही. त्याचं ताट धरूनच स्वयंपाक करायला हवा.

आणि पाणी आणायचं कुणी? आपणच. म्हणून परसबागेचा हिशोब रुपयांत करण्याआधी हंड्यांत करू या.

हंड्यांचा हिशोब

दहा फूट बाय दहा फुटांचा पालेभाजीचा वाफा धरा. एप्रिल-मेच्या उन्हात त्याला रोज पन्नास-साठ लिटर पाणी लागतं. पंधरा लिटरचा हंडा धरला तर रोज चार हंडे. दोन दिवस चुकले की मेथी माना टाकते आणि पालक करपतो.

आता दुसरीकडं बघा. तुम्ही पाच झाडं लावलीत, शेवगा, कढीपत्ता, सीताफळ, बोर आणि आणखी एखादं. पहिल्या उन्हाळ्यात प्रत्येकाच्या बुडाशी एक मडकं पुरलंत आणि ते पाच दिवसांनी एकदा भरलंत. दर मडक्याला आठ-दहा लिटर धरलं तर पाच झाडांचे पाच दिवसांचे पन्नास लिटर. रोजचं सरासरी दहा लिटर, म्हणजे हंडाभरसुद्धा नाही. हे फक्त पहिल्या एक-दोन उन्हाळ्यांचं. तिसऱ्या वर्षी यातली बरीच झाडं तुमच्याकडं पाणी मागतच नाहीत.

वाफा बंद करा असं मी म्हणत नाही. पावसाळ्यात आणि थंडीत वाफा हवाच. पण परसबागेचा कणा झाडांचा आणि वेलींचा असू द्या. वाफा हा त्यावरचा हंगामी पदर समजा. आपण आजवर नेमकं उलटं करत आलो.

झाड तहान कशी काढतं

झाड निवडताना नावं पाठ करण्यापेक्षा एक गोष्ट समजून घ्या. पाणी नसताना जगायच्या झाडांच्या काही ठरलेल्या युक्त्या आहेत.

काही झाडं पानंच टाकून देतात. पानातूनच पाणी उडतं, तेव्हा पान नाही तर खर्च नाही. सीताफळ आणि बोर हे करतात. त्यामुळं मे महिन्यात सीताफळ बोडकं दिसलं की "वाळलं बघ" म्हणून लगेच कोयता काढू नका. नखानं फांदीची साल जराशी खरवडा. आत हिरवं दिसलं तर झाड झोपलंय. वळवाचे दोन थेंब पडले की फुटेल.

काही झाडं खोल जातात. रानबोरीचं सोटमूळ मुरमातूनही वाट काढतं. काही झाडं पाणी साठवून ठेवतात. कोरफडीच्या पानात गर असतो, चाफ्याच्या जाड फांदीत ओल असते, आणि लहान शेवगा उपटून पाहिलात तर त्याचं मूळ गाजरासारखं फुगलेलं दिसेल. आणि काही जमिनीखाली झोपी जातात. कर्टोलीचा वेल पावसाळा सरला की वाळून जातो, पण खाली कंद जिवंत असतो. तांदुळजा आणि घोळ बी टाकून मोकळे होतात आणि पहिल्या पावसात न पेरता उगवतात. 72 च्या दुष्काळातल्या गोष्टी सांगणाऱ्या आज्या गावात अजून आहेत, त्यांना विचारा. सुकडी आणि मिलोच्या जोडीला रानातला हा पालाच खाल्ल्याचं त्या सांगतात. आज तोच पाला आपण तण म्हणून खुरप्यानं काढतो आणि बाजारातून पालकाची जुडी आणतो!

तेव्हा कुणी रोप देऊ केलं की एवढंच विचारा, "हे मे महिन्यात काय करतं?" याचं उत्तर मिळालं नाही तर ते रोप मोरीच्या पाण्याजवळ तरी लावा, नाहीतर घेऊच नका.

पहिला मान शेवग्याचा

एकच झाड लावायला जागा असेल तर शेवगा लावा. दारात शेवगा नको, घरात भांडणं होतात, असं म्हातारी माणसं म्हणतात. मला वाटतं त्यामागं साधं कारण असावं. शेवग्याचं लाकूड ठिसूळ, फांदी काडकन मोडते, पोर चढलं तर हात-पाय मोडायचा. म्हणून तो पत्र्यावर फांद्या येणार नाहीत इतका लांब लावा आणि उंच वाढू देऊ नका. बाकी भांडणं शेवगा नसलेल्या घरातही होतातच.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, 2019 ते 21 च्या, महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या दर शंभर बायकांत 54 जणींना रक्त कमी असल्याचं दिसलं. त्याआधीच्या पाहणीत हा आकडा 48 होता. म्हणजे वाढलाच. बैठकीला बसलेल्या दहा जणींत पाच-सहा जणी. जिना चढताना धाप लागते, डोळ्यापुढं अंधारी येते आणि आपण म्हणतो "कामाचा शीण आहे". आशाताई लोहाच्या गोळ्या देतात त्या घ्यायच्याच, त्याला भाजी हा पर्याय नाही. पण उन्हाळ्यात भाजी महाग झाली की घरात सगळ्यात आधी कुणाच्या ताटातली भाजी कमी होते, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. अशा वेळी परसात एक झाड उभं असावं, ज्याचा पाला ओरबाडून आणला की दहा मिनिटांत भाजी होते. शेवग्याच्या पाल्यात लोह आहे, कॅल्शियम आहे, अ जीवनसत्त्व आहे. भाजीवर लिंबू पिळा, त्यानं लोह अंगी लागतं. जेवल्या-जेवल्या चहा घेऊ नका, त्यानं ते अडतं. शेवग्याची मुळी आणि साल मात्र खाण्यात आणू नये.

शेवग्यात दोन वाटा आहेत. गावरान शेवग्याची मनगटाएवढी फांदी तोडून पावसाळ्याच्या तोंडावर रोवली की फुटते. त्याचं मोठं झाड होतं, वर्षानुवर्षं टिकतं. दुसरी वाट बियांची. तमिळनाडू कृषी विद्यापीठाच्या पेरियाकुलम केंद्रानं काढलेली पीकेएम-1 ही जात आपल्याकडंही सगळीकडं पोचली आहे. बी लावल्यापासून सहा-आठ महिन्यांत तिला शेंग धरते. घरच्या पाल्यासाठी दोन्ही चालतात.

रोप तीन फुटांचं झालं की शेंडा खुडा. जीव हळहळतो, पण खुडा. बाजूनं चार फांद्या फुटतील, त्याही दोन-अडीच फुटांवर पुन्हा खुडा. असं केलं तर झाड बुटकं आणि भरगच्च होतं, पाला हाताशी राहतो. नाहीतर पंधरा फुटांवर शेंगा आणि खाली आपण आकडी घेऊन मान वर करून उभ्या! शेंगा संपल्या की मे अखेरीला कमरेएवढं ठेवून छाटून टाका.

शेवग्याला दोनच गोष्टी खपत नाहीत. एक, बुडाशी तुंबलेलं पाणी. नदीकाठच्या काळ्या जमिनीत असाल तर फूटभर उंचवटा करून त्यावर लावा आणि मोरीच्या तोंडाशी कधीच लावू नका, मूळ कुजतं. दुसरं, पावसाळ्यात खोडावर केसाळ अळ्यांचे पुंजके बसतात. हाताला लागल्या तर आग होते. पोरांना लांब ठेवा. लांब काठीला फडकं बांधून त्या साबणाच्या पाण्याच्या बादलीत पाडायच्या. बहुतेक वेळा त्या एका जागी गोळा झालेल्या असतात, त्यामुळं काम पाच मिनिटांचं असतं.

पाला जास्त झाला की सावलीत वाळवा, उन्हात नाही. उन्हात त्याचा हिरवेपणाही जातो आणि कसही. चुरून डब्यात भरून ठेवलेली पूड मे महिन्यात बाजरीच्या पिठात चमचाभर टाकली तर घरात कुणाला कळतही नाही.

सीताफळ, बोर, कढीपत्ता

सीताफळाचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे शेळी त्याला तोंड लावत नाही. पाल्याचा उग्र वासच तिला नको असतो. ज्यांच्या परसाला कुंपण नाही त्यांनी सुरुवात इथूनच करावी. आपल्या शेजारचा पुरंदर तालुका सीताफळावर नाव कमावून बसला आहे, आणि तिथली जमीनही हलकी, मुरमाडच. पावसाच्या तोंडाला फुलं, श्रावणापासून पुढं फळं. तीन-चार वर्षं थांबावं लागतं, एवढंच. एक सांगून ठेवते. उवांसाठी सीताफळाच्या बियांची पूड केसांना लावायची जुनी रीत आहे. ती पूड डोळ्यात गेली तर डोळ्याला गंभीर इजा होते. पोरींच्या डोक्याला ती लावू नका.

बोराचं झाड विकत आणण्यापेक्षा जागेवर तयार करा. बोराचं सोटमूळ पिशवीत वळतं आणि मग ते झाड आयुष्यभर पाणी मागत बसतं. म्हणून रानबोराच्या दोन-तीन बिया खड्ड्यात जागेवरच पेरा. वर्षभरानं खोड पेन्सिलीएवढं झालं की पावसाळ्यात त्यावर उमराणसारख्या चांगल्या जातीचा डोळा भरून घ्या. गावात डोळा भरणारा कुणीतरी असतोच, नसेल तर कृषी विज्ञान केंद्रात शिकवतात. आपल्याच गटातल्या एखादीनं हे शिकून घेतलं तर तिच्याही हाताला चार पैसे मिळतील. बोराला काटे आहेत आणि शेळीला बोरीचा पाला जीव की प्राण, हे ध्यानात ठेवून जागा निवडा. छाटलेल्या काट्यांच्या फांद्या मात्र कुंपणाला सोन्यासारख्या.

कढीपत्ता पहिलं वर्ष रुसून बसल्यासारखा असतो. वाढतच नाही. "उपटून टाकते" म्हणायची वेळ येते तेव्हा तो हळूच फुटतो. दुकानातून बी आणू नका. कढीपत्त्याचं बी वाळलं की उगवत नाही. शेजारणीच्या झाडाखाली पिल्लं फुटलेली असतात, त्यातलं एक पावसाळ्यात मुळासकट काढून आणा. पहिली दोन वर्षं पानं ओरबाडायची नाहीत, फक्त शेंडे खुडायचे.

आता लिंबाविषयी. प्रत्येक बाईला दारात लिंबू हवं असतं आणि प्रत्येक बैठकीत "माझं लिंबू का वाळलं" हा प्रश्न येतो. खरं सांगायचं तर लिंबू हे कोरडवाहू झाड नाही. त्याला उन्हाळ्यात नेमानं पाणी लागतं. लावायचं तर मोरीच्या पाण्यावर लावा, माळावर लावून जीव जाळू नका. पपई आणि केळीचंही तेच. मोरीच्या टप्प्याबाहेर त्यांचा नाद नको.

वेली आणि हंगामी भाज्या

तोंडली एकदा लावली की वर्षानुवर्षं राहते. जुन्या वेलाचा हातभर तुकडा पावसाळ्यात मातीत खोचायचा. उन्हाळ्यात पाणी नाही मिळालं तर वेल खंगतो, तोंडली येत नाहीत, पण मूळ मरत नाही. कर्टोली लावायची असेल तर एक गोम आहे. तिच्यात नर वेल वेगळा आणि मादी वेल वेगळा. कुणी प्रेमानं एकच कंद दिला आणि तुम्ही लावलात, तर वेल मांडवभर पसरेल आणि फळ एकही धरणार नाही. आठ-दहा मादी वेलांत निदान एक नर हवा. कंद आणताना तिथल्या बाईला विचारून दोन्ही आणा.

जूनमध्ये पेरायच्या भाज्यांत गवार, अंबाडी, चवळी, मटकी, घेवडा यांना पुढचा मान द्या. पंधरा-वीस दिवस पाऊस उघडला तरी या तग धरतात. परसाच्या कडेनं चार-सहा तुरी टोचा. तुरीचं मूळ खोल जातं, पौषात ओल्या शेंगा खायला मिळतात, काठ्या सरपणाला.

बी मात्र घरचं धरा. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांचं नाव तुम्ही ऐकलं असेलच. शाळेत न गेलेल्या या बाईंनी गावरान बियाणं जपलं, बायफ संस्थेच्या साथीनं बियाणं बँक उभी केली, आणि 2020 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या भागात पाऊस आपल्यापेक्षा जास्त, तेव्हा त्यांची प्रत्येक जात आपल्याकडं चालेलच असं नाही. पण त्यांचं काम आपल्याला सहज करता येण्यासारखं आहे. ज्या वर्षी पावसानं ओढ दिली त्या वर्षी तुमच्या परसात जो गवारीचा ताटवा शेवटपर्यंत उभा राहिला, त्याच्या पहिल्या भरदार शेंगा खाऊ नका. त्या वेलावर-ताटावर वाळू द्या, बी राखेत घालून मडक्यात ठेवा. दुष्काळातून पार पडलेलं बी बाजारात मिळत नाही.

उन्हाळ्यात हिरवी पालेभाजी हवीच असेल तर वाफा तीन फूट बाय तीन फुटांचा करा, त्याहून मोठा नाही. शेवग्याच्या विरळ सावलीत करा, नाहीतर वर जुनी साडी बांधा. एवढ्या वाफ्याला रोज पाच-सहा लिटर, म्हणजे एखादी कळशी पुरते.

फुलांचं थोडक्यात सांगते. सदाफुली, चाफा, बोगनवेल, गुलबक्षी यांना कुणी पाणी घालायला जात नाही तरी देवापुढं फूल असतं. कण्हेरही तशीच काटक, पण तिचं पान-फूल-खोड सगळं विषारी. घरात रांगतं पोर किंवा दावणीला शेळी असेल तर नको.

पाणी कुठलं आणि कसं द्यायचं

मोरीचं पाणी जिथवर जातं तिथवर एक बाग आणि त्याच्या पलीकडं दुसरी, असे दोन भाग मनात करा. शोषखड्ड्याच्या भोवती अळू, केळी, कर्दळ, पपई. पलीकडं शेवगा, सीताफळ, बोर.

आंघोळीचं आणि भांडी विसळल्याचं पाणी झाडांना चालतं. कपड्यांच्या पावडरीचं पहिलं फेसाळ पाणी नको, शेवटचं विसळणीचं चालेल. असं पाणी बुंध्यापासून हातभर लांब आळ्यात घाला, पानांवर नाही. कच्च्या खायच्या भाज्यांना, कोथिंबिरीला, मुळ्याला ते देऊ नका. मातीवर पांढरा थर दिसायला लागला तर महिनाभर तिथं साबणाचं पाणी बंद करा, पावसात तो धुऊन जाईल. पाण्याच्या एटीएमच्या मशिनीतून जे वाया जाणारं पाणी निघतं ते खारट असतं, फुकट मिळतं म्हणून झाडांना घालू नका.

मडकं पुरायचं तर ते पाझरतं का, आधी बघा. माठातलं पाणी गार होईनासं झालं म्हणून बाजूला टाकलेला जुना माठ बऱ्याच घरांत असतो. तो गार करत नाही याचा अर्थ त्याची छिद्रं क्षारानं बुजली आहेत, म्हणजे तो मातीतही पाझरणार नाही. भरून चार-पाच तास ठेवा, बाहेरून ओलसर झाला तरच पुरा. झाडापासून हातभर अंतरावर, तोंड तेवढं वर ठेवून. वर झाकण हवंच, नाहीतर डास होतात.

मडक्याच्या जोडीला आच्छादन. आपल्या भागात उसाचं पाचट लोक पेटवून देतात. ते मागून आणा आणि झाडाच्या आळ्यात चार-पाच बोटं जाड पसरा. बुंध्याला मात्र चिकटू देऊ नका, चार बोटं जागा मोकळी सोडा, नाहीतर वाळवी चढते. पाचट घातलेल्या आळ्यात दुपारी बारा वाजता हात घालून बघा आणि शेजारच्या उघड्या मातीत घालून बघा. मग कुणी समजावून सांगायची गरज राहणार नाही.

आणि पावसाचं पाणी. दहा बाय दहा फुटांच्या पत्र्यावर 10 मिलिमीटर पाऊस पडला की नव्वद लिटर पाणी खाली येतं. सहा हंडे. ते वाहून रस्त्यावर जातं. पत्र्याच्या पागोळीखाली एक चारी काढून ती सीताफळाच्या आळ्याकडं वळवायला कुदळीचं अर्ध्या तासाचं काम आहे.

शेळी आणि टेम्पो

परसबागेचा खरा दुष्काळ म्हणजे शेळी. पाण्यावाचून जितकी झाडं मेली त्याहून जास्त शेळ्यांनी खाल्ली असतील. काटेरी फांद्यांचं कुंपण पहिल्या वर्षी पुरतं. त्याच कडेनं करवंदाची रोपं लावून ठेवा. तीन-चार वर्षांनी जिवंत कुंपण होतं आणि उन्हाळ्यात लोणच्याला करवंदंही मिळतात. शेराचं कुंपण शेळी खात नाही हे खरं, पण त्याचा चीक डोळ्यात गेला तर फार वाईट. लहान पोरांच्या घरी टाळा.

रोपं विकणारा टेम्पो दारात येतो तेव्हा सांभाळा. मी स्वतः एका वर्षी हुरळून अकरा रोपं घेतली होती. सगळी डोक्याएवढी उंच, "कलमी आहेत ताई, पुढच्या वर्षी फळ". पिशवी फाडली तर मुळं आतल्या आत गोल गुंडाळलेली, दोरीच्या चुंबळीसारखी. पुढच्या मे महिन्यात त्यातली दोन उरली होती, आणि त्यातल्या एकाला कलमाचा जोड कुठं दिसत नव्हता. उंच रोपाचा मोह नको. लहान पिशवीत मोठं रोप म्हणजे मुळं कोंडलेली. गुडघ्याएवढं, जाड खोडाचं, ताजी पालवी असलेलं रोप घ्या. कलम असेल तर खोडावरचा जोड दाखवायला सांगा. गटानं मिळून सरकारी रोपवाटिकेतून किंवा सामाजिक वनीकरणाकडून एकदम आणली तर भाडंही वाटून जातं.

खड्डे मात्र आत्ताच, मे महिन्यातच घ्या. दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल. माती बाजूला काढताना वरची वेगळी, खालचा मुरूम वेगळा. पंधरा-वीस दिवस खड्डा उन्हात तापू द्या. मग वरची माती, दोन घमेली कुजलेलं शेणखत, किलोभर निंबोळी पेंड एकत्र करून भरा. मुरूमच मुरूम लागला तर ओढ्याचा किंवा तळ्याचा गाळ दोन घमेली घाला. पहिल्या पावसाला लावायची घाई नको. दुसरा चांगला पाऊस होऊन खड्ड्यातली माती दबली की लावा, आणि त्याच दिवशी मडकंही पुरून टाका. "उन्हाळ्यात बघू" म्हटलं तर उन्हाळ्यात मुळं तुटतात.

ज्यांना परडं नाही, घर वाड्यात किंवा भाड्याच्या खोलीत आहे, त्यांनी तेलाच्या पंधरा लिटरच्या डब्याला बुडाशी भोकं पाडून एक कढीपत्ता आणि एक कोरफड ठेवावी. डबा दुपारच्या उन्हातून भिंतीच्या सावलीला सरकवता येतो, ही त्यांची सोय.

जूनच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं आपल्या परसात या मे महिन्यात जे जिवंत राहिलं त्याचं बी, फांदी किंवा पिल्लू घेऊन यावं. एका कागदावर आपलं नाव, झाडाचं नाव आणि "पाणी किती दिवसांनी घातलं" एवढंच लिहावं. लिहिता येत नसेल तर सचिवताई लिहून घेतील. पाकिटं नेहमीसारखी वाटली जातीलच, पण आधी ही आपसातली वाटणी करू.